गाठीची सुई तपासणी पुन्हा पुन्हा ‘अपुरी’ येते? रिपोर्ट बाजूला ठेवा, काच उजेडात धरा

परवा एक बाई तिसऱ्यांदा आली. गळ्यात डावीकडे लिंबाएवढी गाठ आणि प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले दोन रिपोर्ट. दोन्हींच्या खाली ओळ तीच: ‘नमुना निदानास अपुरा. पुन्हा तपासणी करावी.’ टेबलावर बसता बसता तिनं विचारलं, “दोन खेपा टोचलं ना जी, आता आनखी कायले?” माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, कारण त्या दोनपैकी एक रिपोर्ट माझाच होता.

आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकाला ऐन कापसाच्या वेचणीत एक खेप म्हणजे एसटीचं भाडं आणि दोघांची दिवसाची मजुरी, कारण बाईसोबत नवराही येतो. दोनदा ‘अपुरा’ आला की तिसऱ्यांदा बहुतेक जण येतच नाहीत. गावातच कुणीतरी सांगतं, “सुई टोचली की गठान भडकते,” आणि विषय संपतो. बारीक सुईनं गाठ पसरत नाही म्हणावं इतकी ती गोष्ट दुर्मिळ आहे. हे आपण सांगतोही, पण हातात अपुरा रिपोर्ट दिल्यावर आपलं ऐकतं कोण?

थायरॉईड आणि लाळग्रंथीच्या गाठी जे स्वतः टोचतात आणि पेशी पसरवलेल्या काचा (स्लाइड) आमच्यासारख्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात, ते तालुक्याचे डॉक्टर, सर्जन आणि लॅबचे टेक्निशियन यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझा अनुभव असा, की रिपोर्टमधलं वाक्य एकच असलं तरी त्यामागची कारणं पाच-सहा असतात आणि त्यातली बरीचशी काचेवर नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतात. सुई बाहेर निघाल्यापासून काच अल्कोहोलच्या बरणीत जाईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात जे बिघडतं, ते मायक्रोस्कोपखाली कुणीही दुरुस्त करू शकत नाही.

आधी ‘अपुरा’ म्हणजे काय ते. थायरॉईडचे रिपोर्ट गटवार लिहायला जगभर बेथेस्डा पद्धत वापरतात. पहिली आवृत्ती २०१० ची, सध्याची तिसरी २०२३ ची. फॉलिक्युलर, म्हणजे थायरॉईडच्या स्वतःच्या पेशींचे किमान सहा पुंजके आणि प्रत्येकात किमान दहा पेशी, त्याही नीट दिसणाऱ्या, एवढं असेल तर नमुना पुरेसा. अपवाद आहेत. कोलॉइड (थायरॉईडमधला चिकट द्रव) भरपूर असेल, लिम्फोसाइट्सची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) गर्दी असेल किंवा एखादी जरी पेशी संशयास्पद वाटत असेल, तर पुंजके मोजत बसायचं नाही. लाळग्रंथीसाठी २०१८ पासून मिलान पद्धत आहे, तिचीही दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. आणि ‘अपुरा’ म्हणजे ‘काही निघालं नाही’ असं नातेवाईक समजतात, कधी कधी डॉक्टरही. तसं नाही. बेथेस्डाच्या ताज्या आकड्यांत ‘अपुरा’ या गटातही कॅन्सरचा धोका सरासरी १३ टक्के धरला आहे, तर ‘सौम्य’ गटात ४ टक्के. म्हणजे अपुरा रिपोर्ट हा सौम्य रिपोर्टपेक्षा वाईट.

काच लालभडक, वर रक्ताचा जाड थर

सगळ्यात जास्त हेच दिसतं आणि थायरॉईडमध्ये तर फारच. या ग्रंथीला रक्तपुरवठा इतका, की १० सीसीची सिरिंज लावून जोरात ओढलं की पेशींच्या आधी रक्तच येतं. पेशी असतात, पण त्या रक्तात बुडून जातात. जे नुसतं रक्त दिसतं ते गाठीतलं नसतं, आपल्या ओढण्यातलं असतं.

उपाय जुनाच आहे. थायरॉईडला ओढू नका. २५ गेजची बारीक सुई सिरिंजशिवाय पेनासारखी बोटांत धरा, गाठीत घाला आणि आतल्या आत बारीक, भराभर मागे-पुढे करा. केशनळीच्या तत्त्वानं पेशी आपोआप सुईत चढतात. पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमधल्या झायदेला यांनी १९८७ मध्ये ही न ओढता टोचायची रीत मांडली, तरी आपल्याकडे अजून कित्येकांना ओढल्याशिवाय टोचल्यासारखं वाटत नाही. सुई आत किती वेळ? तीन ते पाच सेकंद. सुईच्या प्लास्टिकच्या टोपात लाल ठिपका दिसला की बाहेर. टोप भरेपर्यंत थांबलात तर ती काच वाया गेली असं समजा. त्यापेक्षा गाठीच्या वेगवेगळ्या भागांत तीन-चार वेळा टोचा, दरवेळी नव्या सुईनं. मोठ्या गाठीचं मधलं पोट बऱ्याचदा सडलेलं किंवा पाणावलेलं असतं, म्हणून निदान एकदा कडेला टोचा.

हा नियम सगळीकडे लावू नका मात्र. दगडासारखी घट्ट, तंतूंनी भरलेली गाठ असेल किंवा पॅरोटिडमधली (कानापुढच्या लाळग्रंथीतली) चिकट डिंकासारखी गाठ असेल, तर न ओढता हाती काहीच लागत नाही. तिथे जरा जाड, २३ गेजची सुई आणि थोडं ओढणं लागतंच. फक्त सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडून द्या, नाहीतर सगळा माल सिरिंजच्या नळकांड्यात जाऊन चिकटतो.

एक बारीक गोष्ट मला फार उशिरा कळली. टोचताना रुग्णाला “थुंकी गिळू नका” म्हटलं की माणूस हमखास गिळतो. गाठ वर जाते, सुई आतून ओरखडते आणि रक्त येतं. आता मी खांद्याखाली उशी देते, मान मागे करवते आणि म्हणते, “आता एकदा गिळून घ्या.” ती गिळते, मी दोन बोटांत गाठ पकडते आणि लगेच टोचते. पुढचे दहा सेकंद तिला गिळावंसं वाटत नाही. टोचून झाल्यावर पाच मिनिटं घट्ट दाबून धरायला लावा, विशेषतः दुसऱ्यांदा टोचायचं असेल तर. पहिल्या टोचण्यातलं रक्त दुसऱ्या काचेवर येतं.

रक्त आलंच तर काच जरा कलती करा. रक्त खाली ओघळतं, कण वर राहतात. तेवढेच दुसऱ्या काचेनं उचलून पसरवा. सुईत गुठळी झाली तर फेकू नका, सुईच्या टोकानं अलगद काढून फॉर्मॅलिनमध्ये टाका. तिचा मेणात बसवून कापता येणारा सेल ब्लॉक होतो आणि कधी कधी सगळं निदान त्या गुठळीतच सापडतं.

पेशी आहेत, पण धुरकट आणि फुगलेल्या

असा रिपोर्ट मे महिन्यात जास्त येतो. मला हे कळायला दोन उन्हाळे लागले.

पॅप स्टेन (केंद्रक नीट दाखवणारा रंग) करायची काच ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये गेली पाहिजे. ओली म्हणजे चमक असतानाच. ती वाळली की पेशी पसरतात, केंद्रक फुगतं आणि आतलं क्रोमॅटिन (गुणसूत्रांचा पदार्थ) पुसट होतं. पॅपिलरी कार्सिनोमा या थायरॉईडच्या कॅन्सरची ओळख सगळी केंद्रकात असते: कॉफीच्या बीसारखी खाच, केंद्रकात खिडकीसारखी दिसणारी पोकळी, पिठीसारखं बारीक क्रोमॅटिन. काच वाळली की ही ओळखच जाते आणि रिपोर्टमध्ये ‘संशयास्पद’ किंवा ‘ठरवता येत नाही’ असं काहीतरी मोघम उतरतं.

आता विदर्भातला मे डोळ्यांसमोर आणा. बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, खोलीत कुलर, डोक्यावर पंखा. काच पसरवायची, मग वळून ट्रेमधली बरणी शोधायची, झाकण फिरवायचं. तोवर काच वाळलेली असते. आमच्याकडे उपाय झाला तो एवढाच: टोचण्याआधी बरणी रुग्णाच्या उशाशी, झाकण उघडं, पंखा आणि कुलर बंद, आणि मदतनिसाचा हात बरणीच्या तोंडाशी. मी पसरवते, तो बुडवतो. रुग्णाला दोन मिनिटं उकडतं खरं, पण तिसरी खेप वाचते.

पावसाळ्यात हेच उलटं होतं. गिम्सा या दुसऱ्या स्टेनसाठीची काच वाळवायची असते आणि भादव्यातल्या दमट हवेत ती वाळता वाळत नाही. हळूहळू वाळलेल्या पेशी आकसतात आणि सगळ्याच लिम्फोसाइटसारख्या दिसायला लागतात. तेव्हा पंखा हवा, किंवा केस वाळवायच्या ड्रायरची गार हवा. थोडक्यात, बुडवायची ती लगेच बुडवा, वाळवायची ती लगेच वाळवा. दोन्हींच्या मधे राहिलेली काच कुणाच्याच कामाची नाही.

अल्कोहोलबद्दलही सांगते. बरणी उघडी राहिली की अल्कोहोल उडतं आणि पाणी उरतं. वास येतो म्हणून ते ठीक आहे असं नसतं. एका ठिकाणी ड्रेसिंगच्या ट्रेमधलं, कापसाचे बोळे बुडवून झालेलं स्पिरिट बरणीत ओतलेलं मी पाहिलं आहे. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, गडचिरोलीही १९९३ पासून दारूबंदीचा. तिकडच्या मित्रांना लॅबसाठी रेक्टिफाइड स्पिरिट मिळवताना काय काय सोसावं लागतं याचे किस्से ऐकत बसावे असे आहेत. मिळत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलवर काम भागतं. पाणी मिसळून पुरवू नका, एवढंच.

आणि काचेवर नाव शिसपेन्सिलीनं, घासलेल्या टोकावर. मार्करची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन निघते. एका बरणीत चार निनावी काचा आल्या की आम्ही काय करायचं? फेकायच्या.

काच हिरवट-निळी, सगळं धुक्यात

वाळवलेल्या काचा छान पसरवलेल्या असतात, पेशीही भरपूर असतात, पण गिम्सा स्टेन केल्यावर सगळं निळसर-हिरवं गढूळ दिसतं. दोष टोचणाऱ्याचा नाही, स्टेनचाही नाही. दोष पार्सलचा आहे.

तालुक्याहून एसटीनं किंवा ओळखीच्या माणसाबरोबर येणाऱ्या पिशवीत काचांच्या डबीशेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी बायोप्सीची फॉर्मॅलिनची बाटली असते. झाकण घट्ट असलं तरी वाफ येतेच. वाळलेल्या, स्टेन न केलेल्या काचेला ती वाफ लागली की ती गिम्सा नीट घेत नाही. दोन तासांचा प्रवास पुरतो. वेगळी पिशवी करा, शक्य असेल तर वेगळा माणूस. वाळलेली काच मिथेनॉलमध्ये फिक्स करून पाठवलीत तर उत्तम. सोनोग्राफीखाली टोचत असाल तर त्वचेवरचं जेल आधी पुसा. सुईबरोबर जेल काचेवर गेलं की जांभळा रवा पसरतो आणि त्याखाली पेशी दिसत नाहीत.

पाणी निघालं, गाठ बसली, सगळे खूश

इथे फसगत होते. थायरॉईडमधून तपकिरी पाणी निघतं, गाठ सपाट होते, रुग्ण समाधानानं घरी जातो. पाणी काढल्यावर हातानं पुन्हा चाचपा. काही उरलं असेल तर त्या उरलेल्या भागात नवी सुई घाला. पॅपिलरी कार्सिनोमा कधी कधी असाच पाणी भरलेल्या गाठीच्या भिंतीला चिकटून बसलेला असतो. पाणी फेकू नका, सेंट्रिफ्यूज करा. लाळग्रंथीत तर हे जास्त खरं आहे: मंद वाढणारा म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमा पाण्याच्या गाठीसारखा वागतो आणि काचेवर फक्त श्लेष्मा आणि चार मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी) दिसतात. त्याला ‘सौम्य सिस्ट’ म्हणण्यापेक्षा ‘अपुरा’ म्हणणं बरं.

गळ्याला पॅप, गालाला गिम्सा

हे माझं घरगुती सूत्र आहे. दोन्ही काचा दोन्हीकडे लागतातच. पण एकच चांगली काच निघाली तर ती कशासाठी ठेवायची, हे आधीच ठरलेलं असावं.

थायरॉईडमध्ये केंद्रक बघायचं म्हणून पॅप. लाळग्रंथीत मात्र निदान बऱ्याचदा पेशींच्या भोवती काय आहे त्यावर असतं. सगळ्यात जास्त आढळणारी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा. तिच्यात गिम्सावर झगझगीत किरमिजी रंगाचा तंतुमय पदार्थ दिसतो, कडा विस्कटलेल्या, पिंजलेल्या कापसासारख्या, आणि पेशी त्यातच विरघळलेल्या. अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमात तोच किरमिजी रंग, पण गोल, काचेच्या गोटीसारखे गोळे, कडा कापल्यासारख्या स्वच्छ, आणि पेशी बाहेरून चिकटलेल्या. पहिली गाठ सौम्य, दुसरी मज्जातंतूंवरून सरपटत जाणारी. पॅपमध्ये दोन्हींचा हा पदार्थ फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसतो. म्हणून सगळ्या काचा ‘बरणीत टाकल्या की सुरक्षित’ असं समजून अल्कोहोलमध्ये बुडवून पाठवल्या, की फरक सांगायचं साधनच आमच्या हातून जातं. नुसत्या गोल पेशी दिसल्या तर आम्ही ‘गाठ आहे, प्रकार सांगता येत नाही’ एवढंच लिहितो. मिलान पद्धतीत त्यासाठी स्वतंत्र खानाच आहे.

आणि जबड्याखालची गाठ लाळग्रंथीचीच आहे, असं धरून चालू नका. विदर्भात तर नाहीच. एक तिशीतला मुलगा ‘सबमँडिब्युलर ग्रंथीचा ट्यूमर’ अशी चिठ्ठी घेऊन आला. टोचलं, काचेवर स्क्वॅमस (तोंडाच्या अस्तरासारख्या चपट्या) पेशी आल्या, काही केराटिन भरलेल्या. लाळग्रंथीचा ट्यूमर म्हणून बघितलं असतं तर माझं डोकं म्युकोएपिडरमॉइडकडेच गेलं असतं. पण त्याच्या शर्टाच्या खिशात तंबाखूच्या खर्र्याची पन्नी दिसत होती. “तोंड उघड” म्हटलं तर जेमतेम दोन बोटं आत गेली. टॉर्च मारला, चमच्यानं गाल बाजूला केला, तर शेवटच्या दाढेमागे पांढरट काठाची जखम. गाठ लाळग्रंथीची नव्हती, तोंडाच्या कॅन्सरमुळे सुजलेली लिम्फ नोड होती. जबड्याखाली किंवा कानाखाली टोचण्याआधी तोंडात टॉर्च मारायला एक मिनिट लागतं. तो मिनिट देत चला. तिथेच पू किंवा चीजसारखा माल निघाला तर टीबी डोक्यात ठेवा आणि थोडा माल सीबीनॅट या टीबीच्या तपासणीसाठी वेगळा काढा.

जागेवरच कळलं तर

तपासणी सुधारण्यासाठी एकच खर्च करायचा असेल, तर जुना चालता मायक्रोस्कोप आणि टोल्युडिन ब्लू या झटपट रंगाची बाटली टोचायच्या खोलीत ठेवा. ओल्या काचेवर एक थेंब, वर कव्हरस्लिप, मिनिटभरात पेशी आहेत की नाही ते दिसतं. नंतर तीच काच परत अल्कोहोलमध्ये टाकली की कव्हरस्लिप सुटते, रंग निघून जातो आणि पॅप करता येतं. निदान त्या क्षणी करायचं नसतं, फक्त ‘पुरे’ की ‘अजून एकदा’ एवढं ठरवायचं. रुग्ण अजून टेबलावरच असतो.

सुरुवातीच्या त्या बाईला मी बाकावर बसवलं आणि आधी तिच्या जुन्या काचा कपाटातून काढून खिडकीशी धरल्या. माझी काच: जाड लाल थर, एका टोकाला गुठळी. ओढून टोचलेलं होतं, उघड होतं. दुसरी दुसरीकडची, तिच्यावर रक्त कमी, पण मायक्रोस्कोपखाली पेशी वाळून फुगलेल्या. मग न ओढता टोचलं. पहिल्या काचेवर टोल्युडिन ब्लूमध्ये कोलॉइड होतं, पेशी चार-दोन. दुसऱ्यांदा कडेला टोचलं तेव्हा पुंजके दिसले, मधमाशीच्या पोळ्यासारखे नीट बसलेले. रिपोर्ट सौम्य आला. वर्षानं सोनोग्राफी करायला सांगितलं. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली, की त्या सोनोग्राफीत सुई नसते.

सोनोग्राफीवरून आठवलं. हातानं चाचपून टोचताना मोठी गाठ सापडते, पण संशयाची गाठ बऱ्याचदा तिच्या शेजारची छोटी असते. मशीन मात्र पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे नोंदणीच्या जागेवरून उचलून आपल्याकडे आणता येत नाही, रुग्णालाच सेंटरवर न्यावं लागतं. रेडिऑलॉजिस्ट टोचत नसतील तर निदान त्वचेवर खूण करून द्यायला सांगा, आणि ती खूण मान मागे केलेल्या स्थितीतच करायला सांगा. सरळ मानेवर केलेली खूण मान मागे गेली की गाठीवरून सरकते. चिठ्ठीवर टायरॅड्सचा (सोनोग्राफीवरून ठरवलेल्या धोक्याच्या श्रेणीचा, टीआर) आकडा आणि गाठीचं माप असेल तर उत्तमच. टीआर-३ असेल आणि गाठ अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर टोचायची गरजच नसते. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक सुया तिथेच वाचतील.

आणि कधी टोचायचं नाही

दोनदा नीट टोचूनही अपुरं आलं तर तिसऱ्यांदा आंधळेपणानं टोचू नका. सोनोग्राफीखाली टोचून घ्या, तेही नाही जमलं तर जाड सुईची कोअर बायोप्सी, तीही सोनोग्राफीखालीच. रिपोर्ट ‘फॉलिक्युलर निओप्लाझम’ आला असेल तर मात्र सुईचा दोष शोधू नका. फॉलिक्युलर अॅडिनोमा (सौम्य गाठ) आणि कार्सिनोमा (कॅन्सर) यांच्या पेशी सारख्याच दिसतात. कॅन्सर आहे की नाही हे गाठीच्या वेष्टनातून किंवा रक्तवाहिनीत पेशी घुसल्या आहेत का यावर ठरतं, आणि वेष्टन सुईत येत नाही. अशा रुग्णाला ‘पक्कं करण्यासाठी’ चार-चार वेळा टोचलेलं मी पाहिलं आहे. त्याला सर्जनकडे पाठवा, अर्धी ग्रंथी काढून तपासली की उत्तर मिळतं.

रुग्णाला नागपूरला किंवा सेवाग्रामला पाठवताना रिपोर्टबरोबर काचाही द्या. पुष्कळदा तिथल्या पॅथॉलॉजिस्टला पुन्हा टोचावं लागत नाही, जुनी काच पुरते. फक्त त्या टिश्यू पेपरात गुंडाळून देऊ नका, तुटतात. स्लाइडच्या डबीत द्या, डबीवर नाव, गाव, कुठल्या बाजूची गाठ आणि थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर कोणत्या, हे लिहा. पेन्सिलीनंच.